महाजन बाईंचा चुकीचा सूर

महाजन बाईंनी मला एकोणतीस वर्षं प्रार्थनेत गाऊ दिलं नाही.

शाळेत रुजू झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. मी गणिताची, त्या संगीताच्या. प्रार्थना संपली, मुली रांगेनं वर्गात गेल्या आणि पेटीचा भाता बंद करता करता बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चौधरीबाई, उद्यापासून तुम्ही नुसते ओठ हलवा."

"का हो?"

"चारशे मुली मी सांभाळून घेते. त्यात तुम्ही नाही मावत."

असा राग आला म्हणून सांगू! घरी येऊन आईपाशी तक्रार केली. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "खरंच बोलली ती." झालं, घरचा आहेर. तेव्हापासून मी मागच्या भिंतीला टेकून ओठ हलवायला लागले. आता बाई नाहीत, मलाही निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, तेव्हा कबूल करायला हरकत नाही. मी अधूनमधून हळूच म्हणत असे. अगदी पुटपुटल्यासारखं. बाई पुढे पेटीवर, मधे चारशे मुली, मी शेवटी. त्यांना काय कळणार, असं माझं गणित.

प्रार्थना शाळेच्याच एका जुन्या हेडमास्तरांनी रचलेली होती. "उजेड दे, उजेड दे, अंगणी आमुच्या उजेड दे." काव्य म्हणून बेताचीच, पण चाल बाईंनी लावलेली होती आणि आमच्या बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या बायका आजही भांडी घासताना ती गुणगुणतात. मुलींची मराठी शाळा आमची. पण निम्म्या मुली घरी हिंदी बोलायच्या, मैदानात दोन्हींची खिचडी. "बाई, ये मुझे चिढवून राहिली" अशा तक्रारी मी जन्मभर सोडवल्या. प्रार्थनेला मात्र सगळ्यांची मराठी एकदम स्वच्छ. तिथं बाईंचा धाक होता.

दिसायला बाई काही धाकाच्या नव्हत्या. ठेंगण्या, सावळ्या, नऊवारी नाही की काही नाही, साधी सुती पाचवारी, पदराच्या टोकाला कायम ज्येष्ठमधाची काडी बांधलेली. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत, मी कधी विचारलं नाही. दही खायचं नाही, थंड पाणी प्यायचं नाही, असले नेम कडक. पण मावा जलेबी दिसली की नेम गेले तापीत. एकदा मी हटकलं तर म्हणाल्या, "तुपानं गळा मऊ राहतो." मी म्हटलं, "आणि पाकानं?" तर म्हणाल्या, "तुम्ही गणित बघा."

कान मात्र असा की विचारू नका. जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी कुठल्या ना कुठल्या पट्टीत होती. माझा कुकर काळी एकमध्ये शिट्टी देतो, शाळेचा टोल फुटका आहे म्हणून दोन सूर एकदम देतो, हेडबाई रागावल्या की पांढरी पाचवरून बोलतात. "आज हेडबाईंकडे रजा मागू नका, पाचवर आहेत," असं त्या स्टाफरूममध्ये सांगायच्या आणि ते खरं निघायचं.

शिकवण्याची त्यांची एकच तऱ्हा होती. मुलीला चूक समजावून सांगायच्या नाहीत. मुलगी जिथं घसरली तिथं स्वतः तश्शाच घसरायच्या. तेवढ्याच, केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. मग त्या मुलीकडे बोट करायच्या, "ही तू." लगेच तीच ओळ बरोबर म्हणायच्या. "ही वाट." मग तेच बोट हवेत गोल फिरवायच्या, "परत." बस्स. ही तू, ही वाट, परत. सगळं शिक्षण एवढंच. मी एकदा म्हटलं, "अहो, चूक कशाला गाऊन दाखवता? पोरी हिरमुसतात." त्या म्हणाल्या, "चौधरीबाई, बरोबर सूर सगळ्यांना ऐकू येतो. आपला चुकलेला तेवढा कुणाला ऐकू येत नाही. तो एकदा बाहेरून कानावर पडला की काम झालं."

एका वर्षी वरून एक साहेब तपासणीला आले होते. त्यांना गाण्याचा शौक. चहापाणी झाल्यावर मुलींसमोर डोळे मिटून त्यांनी एक भजन म्हटलं. हेडबाई टाळ्या वाजवायला तयार होऊनच बसल्या होत्या. साहेबांनी डोळे उघडले आणि नेमकं विचारलं महाजन बाईंना, "कैसा लगा, मैडम?"

बाईंनी पेटी ओढली आणि साहेबांची ओळ जशीच्या तशी म्हटली, जिथं साहेब पडले तिथं पडून. बोट केलं. "ये आप." मग नीट म्हटली. "और ये रास्ता."

हेडबाईंनी टाळीसाठी उचललेले हात मांडीवर ठेवले. मी खाली मान घालून फरशीचे चौकोन मोजले. आणि बाईंनी बोट फिरवलं, "फिर से."

साहेब क्षणभर लाल झाले. मग काय वाटलं कोण जाणे, परत म्हटलं. खरंच बरं म्हटलं असावं, कारण पोरींनी आपण होऊन टाळ्या वाजवल्या. तो माणूस जाताना बाईंना वाकून नमस्कार करून गेला. आमच्या शाळेला त्या वर्षी उत्तम शेरा मिळाला, आणि हेडबाई, या खेपेला आनंदानं, दोन दिवस पाचच्या खाली आल्या नाहीत.

संध्याची गोष्ट इथंच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. संध्या जवळच्या तुकईथड गावची, केळीवाल्या शेतकऱ्याची पोर. आठवीत आमच्याकडे आली. गळा असा की शेतातली पाखरं उडवावीत. पहिल्याच दिवशी बाईंपुढे रडायला लागली, "बाई, मले नाही येत गानं." बाईंनी तिचं ते रडणंसुद्धा सुरासकट म्हणून दाखवलं. पोरगी रडता रडता हसायला लागली. तीन वर्षं बाई तिच्या मागे होत्या. गायिका काही ती झाली नाही; पण कान मिळाला. पुढे इंदूरला कॉम्प्युटर शिकली आणि पुण्याच्या एका कंपनीत लागली. तिथं कॉम्प्युटरला बोलायला लावायचं काम चालायचं. आंधळ्या माणसांना मजकूर वाचून दाखवणारा आवाज तयार करायचा, असं काहीतरी. दर दिवाळीला यायची आणि बाईंच्या पाया पडायची. बाई विचारायच्या, "काय गं, तुझं यंत्र अजून पांढरी चारवरच बोलतं का?"

बाई निवृत्त झाल्या तरी शिकवणी सुटली नाही. इतवाऱ्यात माडीवरच्या दोन खोल्यांत त्या राहायच्या, संध्याकाळी पाच-सहा मुली यायच्या. बऱ्हाणपूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या, ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. आमच्या मराठी शाळेचा पट मात्र घसरत चाललेला. बाईंकडे पाच-सहा मुली तरी येत होत्या, त्यांचं त्यावर चाललं होतं. पोटापाण्याचं म्हणत नाही मी, पेन्शन होतं. माणूस सकाळी उठून केस कशासाठी विंचरतो, त्याचं म्हणते.

आणि गळ्याला गाठ आली.

इंदूरच्या डॉक्टरांनी फिरवून फिरवून सांगितलं, पण मी बरोबर होते, मला समजलं. गाठ थायरॉइडची, वाईट जातीची, बाहेरून वाढत जाऊन स्वरयंत्राला चिकटलेली. आवाज अजून शाबूत होता, वरच्या सा ला जराशी खरखर तेवढी. पण गाठ काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागणार. तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. परतीच्या बसमध्ये बाई खिडकीबाहेर बघत होत्या. बघता बघताच म्हणाल्या, "जगेन म्हणतात."

"जगालच तर."

"जगून काय करू, चौधरीबाई? मुलगी चुकली तर तिला ऐकवणार कशानं?"

घरी आले आणि संध्याला फोन लावला. ती नाक ओढत म्हणाली, "बाई, आवाज आहे ना अजून? मग मी येते."

तिचं म्हणणं असं होतं. बाईंचा आवाज तुकड्यातुकड्यांनी भरून घ्यायचा. एकेक अक्षर, निरनिराळ्या सुरांवर, लांब आणि आखूड. शिवाय एका अक्षरातून दुसऱ्यात जातानाचे जोड. ते सगळे तुकडे कॉम्प्युटरमध्ये ठेवायचे. मग अक्षर टाइप करा, सूर सांगा, किती मात्रा ते सांगा, की यंत्र तुकडे जोडून ती ओळ गाणार, बाईंच्या आवाजात. कधी न गायलेली ओळसुद्धा. "म्हणजे बाई ऑपरेशननंतरही शिकवू शकतील," ती म्हणाली. मला सगळं पटलं नाही. पण करायला काहीतरी होतं, हे पटलं.

खरी पंचाईत पुढेच होती. बाईंच्या माडीखाली अन्सारीभाईंचे बारा पॉवरलूम. आजूबाजूलाही तेच. बऱ्हाणपूरच्या माणसाला मागांची खटखट ऐकू येत नाही. बंद पडली की ऐकू येते. पण संध्याच्या माइकला सगळं ऐकू यायचं. माग बंद कधी? लाइट गेली की. पण लाइट गेली की कॉम्प्युटरही बंद! तिनं पुण्याहून रेल्वेत मांडीवर धरून आणलेला तो डबा आणि त्याचा यूपीएस दहा मिनिटं दम धरायचा, आणि ती दहाही मिनिटं पीं पीं करायचा. बाई म्हणाल्या, "कोमल नी लावतोय मेला."

राहता राहिला शुक्रवार. जुम्म्याला माग बंद. तीन आठवडे म्हणजे तीन शुक्रवार. संध्या गुरुवारी रात्रीच्या गाडीनं यायची आणि शनिवारी परत जायची.

पहिल्या शुक्रवारी खिडक्यांना गोधड्या लावल्या. गोधड्या मी दिल्या, आणि दारात बसून आल्यागेल्याला गप्प करण्याचं कामही माझ्याकडे. आत बाई सतरंजीवर ताठ बसलेल्या आणि संध्याच्या यादीप्रमाणे "का", "मा", "जे", "दे". एका सुरावर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पाणी प्यायला बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "उभा जन्म राग शिकवले, आता म्हातारपणी बाराखडी." पण चेहऱ्यावर रंग आला होता.

आणि करडेपणा तोच. एखादं अक्षर जरासं हललं की, "पूस ते."

"बाई, कॉम्प्युटरमध्ये जागा भरपूर आहे. राहू द्या ना, कधी काम पडतं."

"माझ्यासमोर पूस. चुकलेलं घरात ठेवत नाही मी." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "आणि ऐक. तुझ्या यंत्राला असं कुलूप घाल की त्यातून बेसूर निघताच कामा नये. मी नसताना कुणी बटणं दाबून माझ्या आवाजात वाट्टेल ते वाजवलं तर?"

संध्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. बाईंशी वाद कोण घालणार? तिनं कुलूप घातलं. तेव्हा आम्हा तिघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही की आपण काय करून बसलो.

दुसऱ्या शुक्रवारी सकाळी माग सुरूच. मी जिना उतरून खाली गेले. अन्सारीभाई हात जोडून म्हणाले, "बाई, ईद का माल है. इस बार जुम्मे को भी चलाना पड़ रहा है." मी आपलं समजावत होते, तेवढ्यात महाजन बाई स्वतः खाली आल्या. गळ्याभोवतीची शाल जराशी सरकलेली. अन्सारीभाईंची नजर त्या गाठीवर गेली. मग वळून कारागिरांना म्हणाले, "बंद करो सब." आणि नुसते आपलेच नाही, गल्लीतल्या प्रत्येक कारखान्यात स्वतः जाऊन सांगून आले. त्या दिवशी सबंध गल्ली संध्याकाळपर्यंत गप्प होती. खालच्या पानवाल्यानं रेडिओसुद्धा लावला नाही.

तिसऱ्या शुक्रवारी आवाज थकला होता. यादी संपता संपता संध्याचे डोळे भरले. "बाई, आता तुमच्या मनातलं काहीतरी म्हणा ना. यादीतलं नको."

बाई म्हणाल्या, "'ळ' राहिलाय अजून. पूर्ण कर."

ऑपरेशनच्या दिवशी मी बरोबर होते. स्ट्रेचरवरून नेत होते, मी हात धरून बाजूनं चालत होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. शेवटचं बोलणं आहे, आपण लक्षात ठेवायला हवं. दाराशी त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "चौधरीबाई, या चाकाला तेल घालायला सांगा कुणाला तरी. केव्हाचं कोमल रे लावतंय."

हेच शेवटचं बोलणं. मी दाराबाहेर उभी राहून हसले आणि मग जी रडले ती रडलेच.

बाई घरी आल्या. गळ्याला खाली श्वासासाठी भोक, त्यावर पांढरा रुमाल, आणि हातात शाळेतली पाटी. बोलायचं असलं की पाटीवर लिहायच्या. अक्षर सुरेख, रागावल्या की खडू मोडायचा. संध्या येऊन कॉम्प्युटर मांडून गेली. तिनं पहिली ओळ टाइप केली आणि त्या डब्यातून आवाज आला, "उजेड दे, उजेड दे." सा-रे मधला फरक मला फक्त पेटीच्या पट्ट्यांवर दिसतो, पण तो आवाज बाईंचा होता, हे मला सांगायला कुणी नको होतं. बाई समोर बसलेल्या, ओठ मिटलेले, आणि त्यांचा आवाज त्यांच्या बाजूनं येतोय. संध्या तोंडाला ओढणी लावून उभी. बाईंनी ऐकलं आणि पाटीवर लिहिलं, "'जे' जरा लांबलाय."

दोन बोटांनी टाइप करायला त्या महिन्याभरात शिकल्या. मग शिकवणी सुरू करायची ठरली. पहिली आली रुपाली, पलीकडच्या गल्लीतली, सातवीतली चुणचुणीत पोर. बाईंनी ओळ टाइप केली, यंत्र गायलं, रुपाली गायली. चुकली. बाईंनी परत बटण दाबलं. यंत्र तसंच बरोबर गायलं. रुपालीही तश्शीच चुकली. परत. परत. सात वेळा यंत्र बरोबर आणि सात वेळा पोरगी चूक. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, मैं तो वैसाच गा रही हूँ!"

बाईंनी तोंड उघडलं. अगदी सवयीनं, तिची चूक म्हणून दाखवायला. रुमालाखाली हवा फसकन वाजली, बस्स. रुपाली घाबरून मागे सरकली.

बाईंनी तिला घरी पाठवलं. कॉम्प्युटरवर क्रोशाचं झाकण घातलं. मी संध्याकाळी गेले तर पाटी दाराशी ठेवलेली. "शिकवणी बंद."

तीन दिवस हेच. मी इथला गोड दराबा नेला, त्याला हात लावला नाही. मावा जलेबी नेली, तीही तशीच. तेव्हा मात्र मी भ्याले. चौथ्या दिवशी मी चिडून म्हटलं, "अहो, एवढं यंत्र गातंय, अगदी तुमच्यासारखं गातंय, आणखी काय हवंय तुम्हाला?"

बाईंनी पाटी ओढली. एक बाजू भरली, पुसली, परत भरली. मला अजून ते शब्द पाठ आहेत. "सगळं बरोबर तेवढं भरलं मी. मूर्ख बाई. बरोबर गाणारे गावात ढीग आहेत. हे यंत्र फक्त वाट दाखवतं. 'ही तू' कोण म्हणणार?"

खरंच की! तीन शुक्रवार, एवढा आटापिटा, अख्खी गल्ली गप्प. आणि बाईंनी जी एक गोष्ट उभ्या जन्मात केली तीच हट्टानं पुसून टाकायला लावली होती. वर कुलूप घालून घेतलं होतं, तेही आपण होऊन. देवा रे देवा!

मी तिथूनच संध्याला फोन लावला. म्हटलं, "संध्या, तुझं यंत्र बिघडव."

"काय झालं, बाई?"

"त्याला बेसूर गाता यायला पाहिजे. सूर थोडा खाली, थोडा वर, घसरत घसरत, जसा पोरींचा जातो तसा. होईल का?"

पलीकडे ती हसत होती की रडत होती, कळेना. "होईल, बाई. न होईल तर काय! कुलूप मीच घातलंय. पण महाजन बाईंना विचारा, नक्की का? त्यांच्या आवाजात बेसूर?"

मी विचारलं. बाईंनी लिहिलं, "नक्की." खाली दोन रेघा मारल्या.

आठवड्यानं संध्या आली, कुलूप काढलं आणि सूर केसाकेसानं वरखाली कसा करायचा ते शिकवून गेली. मी जाऊन रुपालीला हात धरून घेऊन आले. ती यायला तयार नव्हती, तिला बाईंच्या गळ्याची भीती बसलेली. मी शेंगदाणे दिले, दाराजवळ बस म्हटलं. तिनं ओळ म्हटली, तिथंच चुकली. बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि कळांवर बोटं ठेवली. पूर्वी एका श्वासात व्हायचं ते आता पाव तास चाललं. सूर जरा खाली, ऐकायचं, नाही. अजून खाली, नाही. शेवटाला जरा ओढ. रुपालीचे शेंगदाणे संपले. मी घड्याळ बघत होते. बाई मात्र अशा शांत, जशी गव्हातले खडे निवडत बसलेली बाई.

मग त्यांनी बटण दाबलं. यंत्र गायलं, बाईंच्या आवाजात, चूक.

रुपाली ताडकन उठली. "बाई, ये तो मैं हूँ!"

बाईंनी तिच्याकडे बोट केलं. ही तू. दुसरं बटण. ही वाट. आणि बोट हवेत गोल फिरवलं.

पोरगी गायली. बरोबर गायली असावी, कारण बाईंनी उठून झाकलेली जलेबी काढली. एक तिला दिली, एक स्वतः खाल्ली.

त्यानंतर दोन वर्षं बाईंनी शिकवलं. मुली सहाच्या अकरा झाल्या. एकेका चुकीला पाव तास लागायचा, मग सवयीनं पाच मिनिटांवर आला. संध्या फोनवर म्हणायची की कंपनीतले लोक यंत्रानं चांगलं बोलावं म्हणून मरमर मरतात, आणि आमच्या बाई त्यानं वाईट गावं म्हणून. मी हे बाईंना सांगितलं तर लिहिलं, "त्यांना शिकवायचं नाहीये कुणाला."

मग गाठ परत आली. या खेपेला डॉक्टरांनी फार फिरवून सांगितलं नाही.

मी रोज दुपारी जाऊन बसायची. त्या दिवशी शुक्रवार होता, खाली माग बंद. मी मटार सोलत होते. बाई बऱ्याच वाळल्या होत्या, तरी उशीला टेकून कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या आणि केव्हाच्या काहीतरी टाइप करत होत्या. थांबायच्या, डोळे मिटायच्या, आठवल्यासारखं करायच्या, परत बोट चालवायच्या. मला वाटलं, संध्याकाळच्या कुणा मुलीची तयारी असेल. मी म्हटलं, "पडा की जरा." ऐकलं नाही.

मग यंत्र गायलं. "उजेड दे, उजेड दे."

दुसऱ्या "उजेड"ला आवाज घसरला. म्हणजे नुसता घसरला नाही; आधी जरा वर गेला, मग भीती वाटल्यासारखा खाली येऊन बसला, आणि "दे" तर नुसताच पुटपुटला. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मला सूर कळत नाही. पण ती मी होते. मागच्या भिंतीला टेकून, चारशे मुलींच्या पाठीमागे, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच म्हणणारी मी. एकोणतीस वर्षं बाईंना ते ऐकू येत होतं. रोज.

"तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं. माझा आवाज भलत्याच पट्टीत गेला असणार.

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. ही तुम्ही.

दुसरं बटण दाबलं. तीच ओळ, सरळ, स्वच्छ. आणि पहिल्यांदा, बरं का, वयाच्या साठाव्या वर्षी पहिल्यांदा मला कळलं की मी नेमकी कुठं पडते. एवढंसं तर होतं. एवढ्याशासाठी मी जन्मभर भिंतीला टेकून राहिले.

मी परातीतले हात पुसले, ताठ बसले आणि म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. खाली अन्सारीभाईंच्या दारात कुणीतरी बोलत होतं, ते थांबलं.

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग डोळे उघडले. पाटी जवळच होती, ती घेतली नाही. उशीवरून हात उचलला आणि बोट हवेत गोल फिरवलं.

परत.